रंगपेटी पुन्हा उघडली आहे, बडोदेकरांनो (आणि इतरांनो) बोला

मांडवीची_माई

नमस्कार मंडळी. या वर्षी निवृत्त झाले. सगळी नोकरी एका विमा कंपनीच्या हिशेबखात्यात गेली, त्यामुळे हाताला रेषा ठाऊक आहे ती लेजरची. शाळेत चित्रं काढायचे, बक्षिसंबिक्षिसं पण मिळायची. बारावीनंतर पुष्पबागेत, म्हणजे आपल्या फाईन आर्ट्सला जायचं डोक्यात होतं. घरून उत्तर आलं, "तिथली पोरं पायरीवर बसून बिड्या फुंकतात, तू बी.कॉम. कर." केलं. त्याचं रडगाणं नाही, पेन्शन त्याच बी.कॉम.ची येते आहे.

तर भाचीनं वाढदिवसाला जलरंगांची पेटी दिली आणि बसले एकदाची. आता अडचण अशी की डोक्यात असतं एक आणि कागदावर उतरतं भलतंच. त्यात घरच्यांच्या फर्माइशी. यजमानांना देवघराच्या वर गणपती हवाय, सुनेला सोफ्याला मॅचिंग काहीतरी हवंय.

क्लास लावावा का? चौकशीला गेले होते एके ठिकाणी, तर सगळी तिसरी-चौथीतली मुलं. त्यांच्या बाई मलाही "आउटलाइनच्या बाहेर जायचं नाही हं" म्हणतील असं वाटून परत आले. मोबाईलवर बघून शिकायला गेलं तर जो तो सूर्यास्त, होडी आणि नारळाची झाडं काढतोय. बडोद्यात बसून मी नारळाची झाडं कशाला काढू?

कुणी असं मध्येच सोडून पुन्हा सुरू केलं असेल तर सांगा. सामान काय घ्यावं तेही.

सांगलीची_नीलू

माई, अगदी अगदी! माझ्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्ही झालेल्या. स्मरणचित्रात आमची सगळ्यांची तीच ठरलेली चित्रं, एक बसस्टॉप, एक भाजीबाजार. माणसं पाठमोरी काढायची म्हणजे चेहरे काढावे लागत नाहीत! पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा ब्रश धरला तर हात आपोआप पाठमोरी बाईच काढायला लागला. फोटो टाका ना.

खडूस_म्हातारा

निवृत्त झालं की निम्मे लोक चित्रकार होतात आणि उरलेले कवी. मग नातेवाइकांना दिवाळीला गणपती भेट. त्या बिचाऱ्यांना तो टांगावा लागतो, कारण तुम्ही पुन्हा येणार असता. काढा, पण कुणाला देऊ नका एवढी विनंती. (हलके घ्या.)

मांडवीची_माई

खडूसकाका, तुमचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पहिला गणपती तुम्हालाच.

कागदवाला

माई, मी पस्तीस वर्षं स्टेशनरी विकली. धंदा आता मुलगा बघतो, म्हणून खरं सांगायला हरकत नाही ने! लोक रंगावर खर्च करतात आणि कागद घेतात शाळेच्या ड्रॉइंगबुकाचा. उलटं करा. रंग साधे चालतील, कागदात पैसे घाला.

जलरंगाचा कागद किमान ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या, त्याहून पातळ असला तर पाणी पडताच फुगून वर येतो. परवडेल तर शंभर टक्के कॉटनचा. साध्या लाकडी लगद्याचा कागद पाणी पटकन आणि कुठेही पितो, म्हणून वॉशमध्ये (पातळ रंगाचा सलग हात फिरवतो त्यात) डाग पडतात आणि माणूस स्वतःला दोष देतो. कॉटनवर रंग थोडा वेळ वर तरंगतो, हलवता येतो, चुकला तर ओल्या ब्रशनं बराचसा उचलता येतो. एक मोठा ताव घेऊन त्याचे आठ तुकडे करा. लहान कागदावर भीती पण लहान होते.

रंग सहाच घ्या. दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे, प्रत्येकात एक गरम (तांबूस-केशरी झाकेचा), एक थंड (निळसर-हिरवट झाकेचा). सातवा घ्यायचाच तर बर्न्ट सिएना, तांबूस तपकिरी. तो अल्ट्रामरीन निळ्यात मिसळला की इतके सुंदर राखाडी निघतात की काळ्या ट्यूबचं झाकणसुद्धा उघडणार नाही. पांढरा जलरंगात शक्यतो नकोच, पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. आणि एक गोल ब्रश, आठ नंबरचा, टोक नीट येणारा. दुकानात पाण्यात बुडवून, झटकून बघायला मागा. नाही म्हणाला तर दुकान बदला.

टेकडीवरचा_राजा

क्रिमझन (गडद लाल) घेताना जपून. जुना अलिझारिन क्रिमझन उन्हात उडतो. ट्यूबवर टिकाऊपणाची खूण असते ती बघायची. खात्री हवी असेल तर प्रत्येक रंगाची एक पट्टी ओढा, अर्धी काळ्या कागदानं झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत दोन-चार महिने चिकटवून ठेवा. कागद काढला की कोण टिकाऊ आणि कोण पळपुटा ते कळतं.

फाईनआर्ट्सचा_जुना

उशिरा बघतोय हा धागा. मी पुष्पबागेत ऐंशीच्या दशकात होतो. माई, बिड्यांबद्दल घरच्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

तुम्ही हिशेबखात्यातल्या म्हणून एक आठवण करून देतो. भूपेन खख्खर. मुंबईत सनदी लेखापाल झालेला माणूस, १९६२ मध्ये बडोद्याला आला आणि आमच्या फॅकल्टीत कलासमीक्षेचा अभ्यासक्रम केला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही कितीतरी वर्षं अर्धवेळ हिशेब लिहिण्याची नोकरी करत होता. काढलं काय? घड्याळ दुरुस्त करणारा, न्हावी, जिलबी खाणारा माणूस. हात सफाईदार नव्हता, आणि त्यानं तो सफाईदार करण्याच्या फंदात पडायचं टाळलं. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्याचं मोठं प्रदर्शन झालं. तुम्ही तिथे पोचाल असं म्हणत नाही. पण हिशेबात आयुष्य गेलेल्या माणसाकडे बघण्यासारखं काही नसतं असं कुणी म्हणालं, तर या गावात तरी त्याला उत्तर तयार आहे.

क्लासचं म्हणाल तर आत्ता नको. आधी महिनाभर फक्त पेन्सिल. दोन गोष्टी करा. एक, समोर काहीही ठेवा, आपला डावा हात ठेवा, आणि कागदाकडे अजिबात न बघता त्याच्या कडेवरून डोळा मुंगीच्या चालीनं फिरवा, त्याच चालीनं पेन्सिल. चित्र भयंकर येईल. येऊ द्या. दुसरं, खुर्ची काढायची झाली तर खुर्ची काढू नका, तिच्या पायांच्या मधली मोकळी जागा काढा. खुर्ची कशी असते हे आपल्याला "माहीत" असतं, तिथेच घोळ होतो. मधल्या जागेचा आकार कुणालाच माहीत नसतो, म्हणून तो बघावा लागतो.

आणि गणपती नको. निदान वर्षभर.

खडूस_म्हातारा

अनुमोदन. विशेषतः शेवटच्या ओळीला.

गणेशभक्त_७७

गणपतीवर एवढा राग का कळलं नाही. मी गेली कित्येक वर्षं फक्त गणपतीच काढतो, रोज एक. मन शांत होतं. चित्रकला त्यासाठीच ना? प्रत्येकाला खख्खर व्हायचं नसतं.

फाईनआर्ट्सचा_जुना

राग गणपतीवर नाही हो. रोज काढून तुमचा हात बसला असेल, मन लागत असेल, उत्तम. माझं म्हणणं सुरुवात करणाऱ्यापुरतं. गणपती चार वळणांत "झाला" असं वाटतं, न बघता काढता येतो. माईंना बघायला शिकायचंय की भिंत भरायची आहे, ते त्यांनी ठरवावं.

मांडवीची_माई

भांडू नका. भिंत भरायची नाहीये. गंमत सांगते.

जुनादादांचं ऐकून हात काढला, बटाट्याच्या पोत्यासारखा आला. सोडून दिला आणि ओट्यावरचा स्टीलचा डबा काढायला घेतला, चणाडाळीचा. रंग कुठला द्यावा म्हणून राखाडी कालवून बसले, आणि नीट बघितलं तर त्या डब्यात राखाडी कुठे नव्हताच. एका बाजूला खिडकीची उभी पांढरी पट्टी, तिच्या शेजारी लगेच कुट्ट काळं, तो ओट्याचा ग्रॅनाइट. खाली डाळीच्या दुसऱ्या डब्याचा पिवळा, आणि मधोमध माझ्या साडीचा जांभळा, लांबट ताणलेला. मी डब्यात होते! इतकी वर्षं रोज तो डबा उघडतेय. तासभर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, वरणाची पेज झाली. यजमान म्हणाले, "डबा काढायला एवढे महागाचे रंग?"

चित्र बरं नाही आलंय. झाकण वाकडं, पांढरी पट्टी भरून टाकली मी हावरटपणानं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डबा काढला. शाळेत असताना दुपारच्या दुपार अशाच जायच्या, हे साफ विसरायला झालं होतं.

सांगलीची_नीलू

"मी डब्यात होते" 😄 फोटो टाका ना माई!

मांडवीची_माई

नाही टाकणार. सोसायटीच्या ग्रुपवर एक टाकला तर एकीनं "वॉव, विकणार का?" विचारलं आणि दुसरीनं मुलीच्या संगीतसाठी स्टेजमागचा पडदा रंगवून मागितला. दोन्ही प्रकारांनी बसायचा मूडच गेला. आता वही कपाटात, साड्यांच्या खाली.

नेत्रा_आय

मी डोळ्यांची डॉक्टर, त्यामुळे माझा प्रतिसाद कंटाळवाणा असेल, तरी वाचा. साठीच्या आसपास रंग काढायला बसणाऱ्यांनी एकदा मोतीबिंदू तपासून घ्यावा. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळट होत जातं आणि निळा-जांभळा कमी आत येतो. हे इतकं हळू होतं की माणसाला कळत नाही. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं ठळक उदाहरण आहे. मोतीबिंदूच्या काळातली त्याची चित्रं लाल-तपकिरी होत गेली. १९२३ मध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मग त्याला सगळं फार निळं दिसतंय म्हणून त्यानं तक्रार केली. माझ्याकडे रंगकाम करणारे पेशंट येतात, ऑपरेशननंतर हमखास म्हणतात, "डॉक्टर, आधीची सगळी चित्रं पिवळी मारली आहेत!"

शिवाय चष्मा. वाचायचा चष्मा हातभर अंतरासाठी असतो, समोरचं झाड त्यातून धूसर दिसणारच. कागद आणि विषय दोन्ही बघायचे तर प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल लागेल, आपल्या डॉक्टरांना काम सांगून नंबर घ्या. प्रकाश डाव्या खांद्यावरून येऊ द्या (डावखुऱ्यांना उजव्या), आणि संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली रंग कालवू नका. सकाळी बघितलंत तर दुसरंच काहीतरी दिसेल.

कंपवाला

हात थरथरतो त्यांनी काय करावं? डॉक्टर म्हणतात पार्किन्सन नाही, साधा कंप आहे. पण बारीक रेष काही जमत नाही. म्हणून सोडूनच दिलं मी.

फाईनआर्ट्सचा_जुना

बारीक रेष सोडा, चित्र सोडू नका. कागद मोठा घ्या, उभा लावा, ब्रश जाड घ्या आणि मागच्या टोकाला धरा. मनगटाऐवजी खांद्यातून हात फिरवा. खांद्याच्या हालचालीत कंप कमी दिसतो, आणि जो दिसतो तो रेषेला जिवंतपणा देतो. तपशिलाला हात टेकायला कागदावर आडवी काठी धरायची, साइनबोर्ड रंगवणारे धरतात ती. एका टोकाला कापडाचा गोळा बांधा.

आपल्या कीर्तिमंदिरातली, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकातली, भित्तिचित्रं आठवा. सयाजीरावांच्या बोलावण्यावरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस आले, १९३९ ला सुरुवात, १९४६ ला पूर्ण. चार भिंती, गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीराबाई आणि नटीर पूजा (रवींद्रनाथांचं नाटक). नंदलालबाबूंचा जन्म १८८२ चा, म्हणजे काम संपलं तेव्हा साठी उलटलेली. एवढ्या मोठ्या भिंतीवर मनगटानं काही होत नाही, सगळं अंग लागतं. रवींद्रनाथांनी तर साठीनंतरच ब्रश हातात घेतला. हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून आकार काढता काढता, आणि १९३० ला पॅरिसमध्ये प्रदर्शन.

कंपवाला

काठीची आयडिया छान आहे. मच्छरदाणीचा एक दांडा पडून आहे घरात. बघतो.

गणेशभक्त_७७

नकलेबद्दल काय मत आहे? मला राजा रविवर्म्याची चित्रं उतरवायला आवडतात. कॅलेंडरवरची.

टेकडीवरचा_राजा

बडोद्यात राहून कॅलेंडरवरून? अहो, मूळ चित्रं तुमच्या उंबऱ्याशी आहेत! सयाजीरावांनी लक्ष्मीविलास पॅलेससाठी रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली, १८९० ला ती पूर्ण झाली. फत्तेसिंह म्युझियममध्ये जाऊन उभे राहा समोर. छापील तसबिरीत साडीचा काठ म्हणजे एक सोनेरी पट्टी. तैलरंगात जवळून बघा, तिथे सोनं नाहीच, गेरू, पिवळा आणि चार उजळ ठिपके आहेत. तीन पावलं मागे या, जरतार चमकायला लागते. माईंच्या डब्याचाच प्रकार. नक्कल करायची तर एक साडीचा काठ करा, आख्खी मेनका नको.

खडूस_म्हातारा

आख्खी मेनका विश्वामित्रालाही झेपली नव्हती.

मांडवीची_माई

😂

आता बाहेर पडायला लागले आहे. सकाळी कमाटीबागेत जाते, म्युझियमकडच्या बाजूला. एक मोठं झाड आहे, त्याची सावली मला जांभळी दिसली म्हणून जांभळी लावली. मागे एक मुलगा उभा, आईच्या हाताला धरून देवमाशाचा सांगाडा बघायला निघालेला. बराच वेळ बघून म्हणाला, "काकी, झाड तो लीलुं होय!" (झाड तर हिरवं असतं!) आई त्याला ओढत होती. मी त्याला म्हटलं, खाली बघ, सावलीत. त्यानं बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "थोडुं जांबली छे." थोडंच, बरं का! पुढे निघून गेला. एवढी बारीक समीक्षा सोसायटीच्या ग्रुपवर कुणी केली नव्हती.

एक प्रश्न. वॉश लावते तोच वाळतो. एप्रिलमध्येच ही गत तर मे मध्ये काय?

कागदवाला

मे महिन्यात बडोद्यात बेचाळीसच्या वर पारा जातो, तेव्हा तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा वॉश उडून जातो. साडेआठच्या आत आटपा. कागद आधी दोन्ही बाजूंनी ओला करा, खाली ओलं फडकं घाला, सावलीत बसा. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, वाळतच नाही, आणि कॉटनच्या कागदावर बुरशीचे ठिपके येतात. ताव प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या खोक्यात येतात त्या. साड्यांच्या खाली ठेवताय ते ठीक, पण डांबराच्या गोळ्यांपासून लांब.

रावपुऱ्याचा_बंड्या

माई, ऊन टाळायचंय तर तांबेकर वाड्यात जा ना. रावपुऱ्यात आहे, तुमच्यापासून चालत. विठ्ठल खंडेराव तांबेकर बडोदे संस्थानचे दिवाण होते, त्यांचा वाडा. आत एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, महाभारत, कृष्णाच्या कथा, मराठे-इंग्रज लढाया. मी त्याच गल्लीत वाढलो आणि पहिल्यांदा आत गेलो तो चाळिशीत, पाहुण्यांना दाखवायला. चित्रांच्या खोल्या उघड्या आहेत का ते चौकीदाराला विचारा, पुरातत्त्व खात्याकडे आहे वाडा. फार रंग उडालेत काही ठिकाणी. पण कुणी काढली त्यांची नावं आपल्याला पाठ नाहीत, आणि घोड्यांचे डोळे असे काढलेत की घोडाच आपल्याकडे बघतोय.

मांडवीची_माई

अरे बंड्या, लहानपणी त्या वाड्यावरून रोज शाळेत गेले आहे मी! जाते या आठवड्यात. पेन्सिल आणि छोटी वहीच नेते, पाणी-रंग आत नको.

सुरतेहून_स्मिता

मला तैलरंग करायचे आहेत पण फ्लॅट लहान, टर्पेंटाईनचा वास घरभर होतो. आणि जुन्या चिंध्यांचं काय करतात?

टेकडीवरचा_राजा

टर्पेंटाईन टाळा, ब्रश जवसाच्या तेलातच धुवा, शेवटी साबण. नाहीतर पाण्यात मिसळणारे तैलरंग मिळतात ते घ्या. चिंध्यांची मात्र काळजी घ्या, गंमत नाही ही. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलकट चिंध्या गोळा करून डब्यात कोंबल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. गॅलरीत एकेक पसरून कडक वाळू द्या किंवा पाण्यात भिजवून बंद पत्र्याच्या डब्यात टाका.

सुरतेहून_स्मिता

बापरे. माझ्या कपाटात पिशवी भरून आहेत. आत्ता उठते.

फाईनआर्ट्सचा_जुना

माई, आता क्लासबद्दल पुन्हा सांगतो. क्लास नको, सोबत हवी. चार जण एकाच झाडासमोर बसले आणि चार वेगळी झाडं आली की जे कळतं ते कुठले सर शिकवू शकत नाहीत. रविवारी सकाळी सात वाजता कमाटीबाग, म्युझियमच्या पायऱ्यांपाशी. कोण येतंय? घडीची खुर्ची आणा. कठड्यावर बसून गुडघे बोलायला लागतात.

रावपुऱ्याचा_बंड्या

मी येतो. मला काढता येत नाही, पण शेव-उसळ कुठली खायची ते मी ठरवणार.

कंपवाला

मीही. दांडा घेऊन.

मांडवीची_माई

येते. यजमानांनाही आणते आहे, त्यांना गणपती स्वतःच काढायला बसवणार आहे.

खडूस_म्हातारा

येईन म्हणतो. १९७४ मध्ये शेवटचा ब्रश धरला होता, कारण विचारू नका. एक अट, माझ्या कागदाचा फोटो काढायचा नाही आणि "छान आहे" म्हणायचं नाही.

मांडवीची_माई

दोन्ही कबूल. चहाचा थर्मास मात्र तुमच्याकडे, बिनसाखरेचा वेगळा.